ऊन पडलं की जाणारं नेट

“भाऊ, पुन्हा गेलं बघा. मला पोरं दिसंनात अन् पोरांना मी दिसंना.”

फोनवर माधुरीताई खरात होत्या. दुपारचे चार वाजून गेले होते. मी खुलताबादजवळ एका शेतातल्या घराच्या छतावर पाइपला क्लँप आवळत होतो. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन. त्यांच्या घरी अँटेना लावून जेमतेम आठवडा झाला होता आणि त्यांचा असा फोन आता रोजचाच झाला होता.

“सकाळी चांगलं होतं ना?”

“सकाळी लई चांगलं. पण सकाळी माझा क्लासच नसतो ना, भाऊ.”

यावर मी काय बोलणार? “बघतो” म्हणालो. आमच्या धंद्यात काही सुचलं नाही की “बघतो” म्हणतात.

आधी माझं काम काय ते सांगतो. ज्या घरात मोबाइलचं नेट नीट येत नाही, तिथे आम्ही छतावर बाहेरची अँटेना बसवतो. मोठ्या वहीएवढी पांढरी, चपटी पेटी असते. ती पाइपवर उभी करायची, तिचं तोंड टॉवरकडे करायचं आणि केबल खाली घरात आणून राउटरला जोडायची. राउटर म्हणजे सिमकार्डवर चालणारा डबा, जो घरभर वायफाय देतो. भिंतींच्या आत सिग्नल कमी पोचतो, छतावर बरा असतो. तो वरून खाली आणायचा, इतकंच काम. लोकांना वाटतं आम्ही नेट तयार करतो. आम्ही तयार काही करत नाही. आम्ही नुसते पाणके आहोत.

खरातांचं घर बेगमपुऱ्यात. गल्ली इतकी अरुंद की शिडी उभी धरून न्यावी लागते. त्यात पाण्याच्या नव्या लाइनसाठी रस्ता खोदलेला. नवं पाणी यायचं तेव्हा येईल, तोवर वायरचं नेट मात्र जेसीबी वरचेवर तोडून जायचा. म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं. घरात माधुरीताई, त्यांचे मिस्टर, एक लहान मुलगी आणि सासूबाई. मिस्टर वाळूजला कंपनीत शिफ्टला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली टेबल, टेबलावर लॅपटॉप. बाईंचं ऑफिस म्हणजे तेवढं टेबल.

त्या बी.एस्सी., बी.एड. लग्नानंतर बरीच वर्षं नोकरीविना गेली. मध्ये एका शाळेत हंगामी काम केलं, तेही सुटलं. आता पुण्याच्या एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत आठवीच्या मुलांना गणित शिकवायचं काम मिळालं होतं. रोज चार ते सहा. अजून प्रोबेशन चालू होतं, म्हणजे कच्ची नोकरी. मुलांच्या पालकांच्या तक्रारी जायला लागल्या होत्या, कारण बाई फळ्यावर अर्धं समीकरण मांडायच्या आणि तशाच गोठून जायच्या. पुण्याच्या मॅनेजरने त्यांना शेवटचं सांगितलं होतं की शनिवारी आम्ही तुमच्या तासाला बसू. तास नीट झाला तर पक्कं करू, नाहीतर थांबू.

“माझ्या शिकवण्यात खोट काढली असती तर मी ऐकून घेतलं असतं, भाऊ,” त्या मला म्हणाल्या होत्या. “हे नेटमुळं जाणार असंल तर मी रडू कुणापाशी?”

ते माझ्या डोक्यात बसलं.

फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. आमचं असं असतं की शहरातली कामं सकाळी आणि खेड्यातली दुपारी. छतावर चढलो. अँटेना जिथे लावली तिथे, तोंड विद्यापीठाच्या बाजूच्या टॉवरकडे, क्लँप घट्ट. फोनवर सिग्नलचा आकडा पाहिला. हा आकडा उणे असतो, म्हणजे उणे सत्तर चांगला आणि उणे एकशेवीस म्हणजे खेळ खलास. तिथे उणे ऐंशीच्या आसपास होता. आणखी काय पाहिजे? तरी समाधान म्हणून केबलची दोन्ही टोकं कापून नवी बसवली. आमच्यात निम्म्या भानगडी टोकांच्याच असतात.

“आता काही होत नाही,” मी म्हणालो.

चार वाजता फोन आला. झालं होतं.

मग मला वाटलं, पाणी. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कैक दिवसांनी येतं, आणि आलं की अख्खी गल्ली एकाच वेळी मोटरी लावते. दिवे पिवळे पडतात, पंखे रेंगाळतात. एवढ्या कमी व्होल्टेजला राउटर बंद पडून पुन्हा चालू होतो. मला माझं डोकं एकदम तल्लख वाटलं. राउटरला बॅटरी जोडून दिली. पुढचे दोन दिवस गल्लीत पाण्याचा थेंब आला नाही, एकही मोटर लागली नाही, आणि नेट चारच्या सुमाराला नेमाने गेलं.

तिसरा विचार टॉवरचा. दुपारी शाळा सुटतात, पोरं मोबाइल घेऊन बसतात, टॉवरवर गर्दी होते. पण गर्दी झाली तर वेग कमी होतो, सिग्नलचा आकडा पडत नाही. माधुरीताईंना मी आकडा कुठे पाहायचा ते शिकवलं होतं. त्या गणिताच्या बाई, त्यांनी अचूक वाचून सांगितलं. चारच्या आधी उणे ऐंशी, नंतर उणे एकशेदहाच्याही खाली. म्हणजे टॉवर होता तिथेच होता, आमच्या अँटेनालाच तो दिसेनासा होत होता. रोज. आणि दिवेलागणीला पुन्हा दिसायला लागायचा. एखाद्या माणसाला ठरावीक वेळी आंधळेपण यावं आणि ठरावीक वेळी जावं, तसं काहीतरी चाललं होतं.

ऑफिसात मी हे पाटील मॅडमना सांगितलं. त्या माझ्या बॉस. वयाने माझ्याहून लहान, पण आवाज मोठा.

“सोनवणे, एका घरासाठी किती फेऱ्या?”

“मॅडम, फॉल्ट समजत नाहीये.”

“समजत नसेल तर सामान काढून आणा. त्यांना सांगा, तुमच्या भागात चालत नाही.”

“चालतंय ना. सकाळी पळतंय.”

“मग क्लास सकाळी घ्या म्हणावं.”

मॅडमना तोडगा पटकन सापडतो, फक्त तो दुसऱ्याने करायचा असतो.

मी एक दिवस खेड्यातलं काम लवकर उरकून मुद्दाम चारला बेगमपुऱ्यात पोचलो. पोचेपर्यंत आभाळ भरून आलं. पावसाळा सरत आला होता, पण जाता जाता झोडपत होता. मी टेबलापाशी बसून राउटरच्या आकड्याकडे डोळे लावले. बाहेर धो धो पाऊस. आकडा जागचा हलला नाही. माधुरीताईंनी दोन तास समीकरणं शिकवली, एकही पोरगं अडखळलं नाही. सहा वाजता त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही रोजच येऊन बसत जा.”

मी हसलो, पण आतून पार गोंधळलो होतो. इतकी वर्षं या धंद्यात गेली. पावसात नेट बिघडतं ही तक्रार मी रोज ऐकतो. पावसात सुधारतं, हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांना विचारलं, तर त्याही आठवून म्हणाल्या, “व्हय की. मागल्या आठवड्यात आभाळ आलं होतं, त्या दिवशीबी गेलं नव्हतं.”

म्हणजे ऊन असलं की जातं. म्हणजे उष्णता! मला पुन्हा तल्लख वाटायला लागलं. राउटर बदलला, नव्यापाशी छोटा पंखा ठेवला. दुसऱ्या दिवशी ऊन होतं, आणि नेट गेलं. तेव्हा मात्र मी जेवताना बायकोला म्हणालो, “त्या घरात काहीतरी आहे.” ती म्हणाली, “भूत असतं तर रात्री आलं असतं, चार वाजता कशाला येईल?” तिचं बरोबर होतं.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी माधुरीताईंचा तपासणीचा तास. मी मॅडमना फोन केला.

“आज लासूर स्टेशनला दुसऱ्या कुणाला पाठवा.”

“का?”

“बेगमपुऱ्यात बसणार आहे.”

“सोनवणे, तुम्ही अँटेना लावता की पहारा देता?”

“आज पहारा देतो,” म्हणालो आणि फोन ठेवला. माझा स्वभाव तसा भांडकुदळ नाही, पण न समजलेला फॉल्ट मला झोपू देत नाही.

आभाळ निरभ्र होतं. चारला क्लास सुरू झाला. मी खुर्चीवर राउटरसमोर. उणे ऐंशी. उणे एक्क्याऐंशी. काही मिनिटं अशीच गेली. माधुरीताई मुलांना विचारत होत्या, “आता हा ‘क्ष’ पलीकडं नेला तर चिन्हाचं काय होईल?” आणि माझ्यासमोर आकडा धाडकन पडला. हळूहळू नाही, वरून कुणी झाकण ठेवावं तसा एका झटक्यात. माधुरीताईंचं वाक्य हवेत राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी जिन्याकडे धावलो. सगळ्यात वरच्या पायरीवर त्यांच्या सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचो.

“काय झालं वं? एवढं पळायला?” त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. वर गेलो आणि पाहतच राहिलो.

आमच्या अँटेनावर बारीक लोखंडी जाळीचं जुनं खुराडं पालथं घातलेलं होतं. वरच्या तारांची टोकं उभी वाकवलेली, काट्यासारखी. ही जाळी मी सकाळच्या फेऱ्यांत पाण्याच्या टाकीशेजारी पडलेली पाहिली होती. गच्चीवर भंगार कुणाच्या नसतं? मी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नव्हतं.

शेजारच्या गच्चीवर, गुडघाभर भिंतीच्या पलीकडे, साठी ओलांडलेले एक गृहस्थ मान वर करून उभे होते. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला काळं फडकं. आभाळात कबुतरांचा थवा गोल गोल फिरत होता.

“ही जाळी कुणी घातली?” मी ओरडलो.

“मैंने घाली,” ते शांतपणे म्हणाले. “मावशीकू पूछ के घाली. क्यों जी, क्या हुआ?”

ते मुनीरचाचा. मोहल्ल्यात त्यांना उस्ताद म्हणतात, कारण कबुतरं उडवण्यात त्यांचा हात धरणारं त्या बाजूला कुणी नाही. जुन्या शहरात हा शौक अजून आहे. कबुतरं दुपारी चारच्या सुमाराला सोडायची, तास-दोन तास वर ठेवायची आणि दिवेलागणीच्या आत उतरवायची. ऊन आणि स्वच्छ आभाळ असेल तरच. ढग आले, पाऊस आला की खुराड्याचं दार उघडायचं नाही. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यातला आठवडाभराचा गुंता सरसर सुटत गेला. सकाळ, चार वाजणं, पाऊस, दिवेलागण, सगळं एका माणसाच्या बांबूला बांधलेलं होतं.

“पण जाळी कशाला, चाचा?”

“तुमने ये डंडा खडा किया ना,” ते माझ्या पाइपाकडे बोट दाखवून म्हणाले. “कबूतरां सीधे इसपे बैठने लगे. पराये छत पे बैठने की आदत लगी तो कबूतर गया समझो. आज यहाँ बैठा, कल दूसरे के यहाँ बैठेगा. वो पकड लेगा, फिर वापस नहीं देता. हमारे में ऐसाच है.”

म्हणजे मी नवा पाइप उभा केला, तो त्यांच्या कबुतरांना आयता बसायला मिळाला. चाचांनी मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, घाला की, वर घाणबी पडणार नाय. चाचा उडवायच्या आधी भिंत ओलांडून जाळी घालत, अंधार पडायच्या आत मावशी ती काढून टाकीशी ठेवत. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

आता तांत्रिक भाग, दोनच वाक्यांत. मोबाइलच्या लहरी वीट, लाकूड, प्लॅस्टिक यांतून कमीजास्त पार होतात, पण बारीक छिद्रांची लोखंडी जाळी त्यांना भिंतीपेक्षा वाईट. मायक्रोवेव्हच्या दाराच्या काचेत जाळी असते ती यासाठीच, आतल्या लहरी बाहेर येऊ नयेत म्हणून.

मावशी तोवर वर आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की खाली सूनबाईचा क्लास बंद पडतो तो या जाळीमुळं. त्या जागच्या जागी बसल्या.

“अगं माय! मला वाटलं नेट त्या खालच्या डब्यात ऱ्हातं. हा तर नुसता पत्रा वाटला मला.”

“आठवडाभर आम्ही याच्यावरच डोकं फोडतोय, मावशी. तुम्ही बोलला नाहीत?”

“मला कुणी विचारलं का? तुम्ही येता, मोबाइल बघता, खाली जाता. रोज तुम्हाला याच पायरीवर चहा दिला मी.”

मावशींचं खरं होतं. मी बाईंना विचारलं, मिस्टरांना विचारलं, ऑफिसला विचारलं, टॉवरवाल्या ओळखीच्या माणसालाही विचारलं होतं.

चाचांनी एव्हाना भिंत ओलांडली होती. एका हाताने त्यांनी जाळी उचलून बाजूला टाकली. वर त्यांची कबुतरं फिरत होती, त्यांतली दोन लगेच पाइपाच्या रोखाने खाली झेपावली. चाचा अँटेनाखाली उभे राहून बांबू फिरवायला लागले. खालून माधुरीताईंचा आवाज आला, “हां मुलांनो, दिसतेय का मी? मग सांगा, चिन्हाचं काय झालं?”

“मेरे वास्ते बेटी का काम रुका,” चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. “बोलना था ना कोई.”

क्लास संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. त्या वयात दीड-दोन तास हात वर धरणं सोपं नाही. मी बांबू मागितला तर म्हणाले, तुम्हारे से नहीं होगा, कबूतरां पहचानते नहीं तुमकू.

पण रोज बांबू धरून कोण उभं राहणार? नायलॉनची जाळी टाकू का, मी विचारलं. त्यातून सिग्नल जातो. चाचांनी मान हलवली, पंजा अडकेल, पंख तुटेल. अँटेना खाली घ्यावी तर समोरची इमारत आड येते. मी, चाचा, मावशी, तिघंही त्या पाइपाकडे बघत राहिलो. शेवटी मावशींनीच विचारलं, “प्लॅस्टिक चालतं म्हन्ता ना तुमच्या लहरींना? मग तो फुटका ड्रम घाला की त्याच्यावर.”

पाण्याचा निळा ड्रम. आमच्या शहरात घरटी दोन-तीन तरी असतात, त्यातला एखादा फुटका. तो मी उभा चिरला आणि अर्धा भाग अँटेनावर तिरका बसवला. गुळगुळीत उतार, बसायला जागा नाही, पंजा अडकायला काही नाही. त्यातून आकडा पाहिला, फरक नावालाच. दिसायला मात्र ध्यान दिसत होतं. पाटील मॅडमनी फोटो बघून विचारलं, “हे आपलं प्रॉडक्ट आहे?” मी म्हणालो, “आता आहे.”

शनिवारी माझी तिथे गरज नव्हती, तरी गेलो. राहवलं नाही. खाली माधुरीताईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, मुलीला शेजारी पाठवलं होतं. चारला क्लास सुरू झाला. पुण्याचे कुणी दोघं स्क्रीनच्या कोपऱ्यात येऊन बसले. मी पाय न वाजवता वर गेलो. आभाळ इतकं स्वच्छ की कबुतरं उडवणाऱ्याने वर्षभर वाट पाहावी. दूर हर्सूलच्या बाजूला दुसऱ्या कुणाचा थवा फिरत होता. चाचांचं खुराडं मात्र बंद होतं. आतून कबुतरांची घूंघूं चालली होती आणि चाचा समोर पालथ्या बादलीवर बसून लांबच्या थव्याकडे बघत होते.

“आज नाही सोडली, चाचा? ड्रम लावलाय की आता.”

“ड्रम नया है. कबूतरां नया देख के बिचकते. क्या भरोसा?” ते हळू आवाजात म्हणाले, खाली ऐकू जाऊ नये असे. “आज बेटी का इम्तिहान है जी. कबूतरां का क्या, कल उडा लेंगे.”

मी भिंतीला टेकून बसलो. सहा वाजेपर्यंत आम्ही दोघं रिकामं आभाळ बघत बसलो आणि खालून समीकरणं सुटत गेल्याचा आवाज येत राहिला.

माधुरीताईंची नोकरी पक्की झाली. ड्रम अजून तिथेच आहे, कबुतरं त्याला सरावली आणि त्याच्यावर बसायचा नाद त्यांनी सोडला.

मी आता नव्या घरी गेलो की सिग्नलचा आकडा नंतर बघतो. आधी घरातलं जिन्यावर बसणारं माणूस शोधतो, त्याच्याकडचा चहा घेतो आणि विचारतो, तुमच्या गच्चीवर दिवसभरात कोण कोण येतं? लोकांना वाटतं मी वेळ काढतोय. पाटील मॅडमनाही तेच वाटतं.